आवडत्या शास्त्रीय गायिकेच्या मैफिलींच्या मागोमाग दहा-बारा दिवस फिरायचं असेल तर कसं आखावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवापासून (लोक नुसतं ‘सवाई’ म्हणतात) सुरुवात करून आवडत्या ख्यालगायिकेच्या तीन-चार मैफिली लागोपाठ ऐकायच्या आहेत, मधल्या दिवसांत वाटेतली गावं बघायची आहेत, आणि गायिका किराणा घराण्याची, म्हणजे त्या गायनपरंपरेतली आहे. हा बेत अगदी जमण्यासारखा आहे. पण सिनेसंगीताच्या गायकाचा दौरा जसा सहा महिने आधी शहरवार जाहीर होतो, तसं इथे काही होत नाही. शास्त्रीय गायकांचा दौरा नसतो, हंगाम असतो. दिवाळी पहाटपासून फेब्रुवारीपर्यंत वेगवेगळ्या गावांतली मंडळं आपापल्या सोयीने बोलावतात, आणि त्या तारखांची साखळी आपल्यालाच जोडावी लागते.

तारखा शोधायची जागा म्हणजे फक्त कलाकाराचं पान नव्हे. गायिका स्वतः बऱ्याचदा कार्यक्रमाच्या चार दिवस आधी फलक टाकते. तिच्याबरोबर नेहमी असणारे तबलजी आणि संवादिनीवादक त्याआधीच टाकून मोकळे होतात, म्हणून त्या दोघांची पानंही बघत राहा. दुसरी वाट गावोगावच्या म्युझिक सर्कलची, म्हणजे मैफिली भरवणाऱ्या श्रोत्यांच्या मंडळांची. त्यांच्या मैफिली सभासदांसाठी असतात, पण परगावच्या श्रोत्याला सहसा कुणी अडवत नाही. आठवडाभर आधी चिटणिसांना फोन करून ‘बाहेरगावाहून येतोय, प्रवेश मिळेल का’ एवढं विचारा. तिकीट असेल तर ते फोनवर राखून ठेवतात. सन्मानिका मागत बसू नका, पाहुणे शुल्क द्या किंवा देणगीची पावती फाडा. ही मंडळं अशाच पैशांवर तग धरून असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मैफिलींची संख्या मोजून बेत आखू नका, प्रहर बघून आखा, कारण प्रत्येक रागाची गायची वेळ ठरलेली असते. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आल्यापासून उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले ठरावीक, जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, तेवढाच अपवाद. त्यामुळे सवाईसारखे मंडपातले महोत्सव आता दुपारी सुरू होतात आणि बहुतेक दिवस दहाला संपतात. परिणाम असा की चार संध्याकाळच्या मैफिली निवडल्यात तर मुलतानी, मारवा, पूरिया, यमन या दिवस कलतानाच्या रागांच्या परिसरातच चारही दिवस जातील. एक बैठक सकाळची धराच. तोडी, ललत, अहिर भैरव हे सकाळचे राग त्याशिवाय समोरासमोर कानावर पडणार नाहीत. कुठल्या मंडळाची रविवार सकाळची सभा असेल, तर ती धरण्यासाठी संध्याकाळची एक सोडावी लागली तरी चालेल. उत्तररात्रीचा दरबारी राग ऐकायचाच असेल तर बंद सभागृहातले रात्रभराचे कार्यक्रम शोधावे लागतात. कोलकात्याची डोव्हर लेन परिषद जानेवारीच्या शेवटाकडे नझरुल मंचात होते, पण तो वेगळा प्रवास.

दुसरी गोष्ट वेळेची. महोत्सवात कलाकाराला साधारण तास-सव्वा तास मिळतो. तिचं नाव त्या दिवशी शेवटचं असेल आणि आधीचे दोघे लांबले, तर दहाच्या काट्यामुळे कात्री तिच्याच वेळेला लागते: विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल आवरता घ्यावा लागतो आणि मैफल संपवणारी भैरवी गडबडीत होते. सर्कलच्या दीडदोनशे माणसांच्या सभागृहात मात्र मध्यंतर धरून अडीच-तीन तास मिळतात, आणि एकच राग पाऊण तास शांतपणे उलगडतो. म्हणून सवाई ही सुरुवात ठेवा, पण प्रवासाचा कणा छोट्या गावांतल्या बैठकांचा असू द्या.

सवाईबद्दल थोडक्यात. महोत्सव १९५३ पासून आर्य संगीत प्रसारक मंडळ भरवतं. गेली काही वर्षं तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो आणि साधारण डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. भारतीय बैठकीचं तिकीट स्वस्त असतं आणि माझ्या मते ऐकायलाही तीच जागा बरी, फक्त दरवाजे उघडायच्या आधी रांगेत असा. पातळ सतरंजी, पाठीला लावायला छोटी उशी आणि शाल न्या. दिवसा मंडपात उकडतं आणि आठनंतर थंडी चढते, त्यात लोक फसतात. दुपारचं जेवण हलकं ठेवा. पोट जड असेल तर विलंबितात डुलकी लागणारच.

आता मार्ग. किराणा घराण्यासाठी पुणे–मिरज–बेळगाव–धारवाड–हुबळी या रेल्वेमार्गाइतका सरळ मार्ग दुसरा नाही. या घराण्याचे मोठे गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व हुबळीजवळच्या कुंदगोळचे, आणि त्यांच्या शिष्यांत हुबळीच्या गंगूबाई हनगल आणि गदग भागातले भीमसेन जोशी. मैफिलीत जे ऐकाल त्याची मुळं याच रुळांच्या दोन्ही बाजूंना आहेत.

पुणे ते मिरज रेल्वेने साधारण २८० किलोमीटर, पाच-सहा तास. मिरज–बेळगाव तीन तासांच्या आत-बाहेर, बेळगाव–धारवाड तेवढंच, धारवाड–हुबळी अर्धा तास. बेळगावपर्यंत गोवा एक्सप्रेस सोयीची आहे, पण पुढे लोंड्याहून ती वास्कोकडे वळते, धारवाडला जात नाही. पुढच्या टप्प्याला राणी चन्नम्मा बरी. वंदे भारत रोज नसते, वार बघून घ्या. तिकीट शोधताना हुबळी नुसती सापडली नाही तर ‘श्री सिद्धारूढ स्वामीजी हुब्बळ्ळी’ हे नाव बघा. तिथला फलाट दीड किलोमीटर लांब आहे, सामान जास्त असेल तर आपला डबा कुठे येतो हे आधी विचारून उभे राहा.

अडचण इथे येते: आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, आणि सर्कलची तारीख कळते तीन आठवडे आधी. त्यामुळे फक्त दोन तिकिटं आधी काढा, पुण्याहून निघण्याचं आणि हुबळीहून परतीचं. मधले टप्पे लहान आहेत, ते सर्वसाधारण डब्यातून किंवा बसने होतात. मैफिलीच्या रात्रीची गाडी कधीही घेऊ नका. बैठक कधी संपेल हे गायिकेलाही माहीत नसतं, आणि शेवटची भैरवी सोडून स्टेशन गाठण्यासारखं दुःख नाही. मुक्काम सभागृहापासून चालत जाता येईल असा बघा, कारण लहान गावात रात्री अकरानंतर रिक्षा मिळेलच असं नाही.

बेळगावची खोली मात्र लवकर ठरवा. कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरातच तिथे भरतं. मंत्री, अधिकारी, पोलीस, पत्रकार सगळे उतरतात, लॉज भरून जातात. त्याच काळात सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं तर दोन्हीकडच्या बसफेऱ्या थांबतात. म्हणून सीमा ओलांडायचा टप्पा रेल्वेनेच करा.

मिरजेला किमान दीड दिवस द्या. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीच्या प्रवासात सिंगपेरुमाळकोईल स्टेशनवर त्यांचं निधन झालं आणि दफन मिरजेत झालं. डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी ठेवा. तिथून सतारमेकर गल्ली जवळ आहे. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली, ती परंपरा इथे चालू आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे पंढरपूर, मंगळवेढा, बेगमपूर भागातून येतात आणि महिनोन्‌महिने वाळवले जातात. कारागिरांना सकाळी अकराच्या सुमारास भेटा, आणि एकच विनंती करा: जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, काढताना बघू द्या. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानसून असा किंचित उतरता करतात की तार तिला निसटती घासत राहावी, मग तारेखाली सुती दोरा सरकवत सरकवत एका जागी आणतात आणि तार अचानक गुंजायला लागते. दोरा केसभर इकडे-तिकडे झाला की आवाज बसतो. हवेत दमटपणा वाढला, मंडपात गारवा आला की सूर हलतात. गायिका दोन ख्यालांच्या मधे तानपुरे पुन्हा का लावून घेते, ते इथे कळतं.

त्याचा थेट उपयोग संध्याकाळी होतो. बैठक सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधी जागेवर बसा आणि तानपुऱ्याची पहिली तार कशावर लागतेय ते ऐका. पंचमावर (प) असेल तर राग कुठलाही असू शकतो. मध्यमावर (म) असेल तर मालकंस, बागेश्री असे राग मनात आणा. निषादावर (नी) असेल तर संधिप्रकाशाच्या वेळी मारवा-पूरियाची शक्यता मोठी. अंदाज चुकेलही, पण चार मैफिलींत कान तयार होतो. दोन तानपुरे वेगवेगळे लावलेले असतील तर दुसऱ्याकडेही लक्ष द्या.

वाद्य मात्र पळापळीत विकत घेऊ नका. चांगल्या तानपुऱ्याची मागणी नोंदवून थांबावं लागतं. शिवाय स्त्री-आवाजाचा तानपुरा सुमारे चार फूट, पुरुष-आवाजाचा पाचाच्या आसपास, तो बरोबर घेऊन पुढचे आठ दिवस फिरता येत नाही. आपली पट्टी, म्हणजे आपला सा कुठला ते, सांगून नोंदवा, परतताना किंवा नंतर न्या.

बेळगावला अर्धा दिवस पुरे: कुंदा घ्या, मांडे मिळाले तर तेही, आणि वेळ असेल तर सुळेभावी गाव बघून या, कुमार गंधर्व तिथले.

धारवाड निवांत बघण्याचं गाव आहे. ख्यालगायक मल्लिकार्जुन मन्सूर यांचं ‘मृत्युंजय’ हे घर स्मारक म्हणून जपलं आहे. मन्सूर किराण्याचे नव्हेत, जयपूर-अत्रौलीचे, आणि म्हणूनच मुद्दाम जा. एकाच गावात दोन घराण्यांच्या गायकीची तुलना मनात सुरू होते. साधनकेरी भागात कन्नड कवी द. रा. बेंद्रे यांचं घर आहे. त्यांची मातृभाषा मराठी होती, आणि आपले जी. ए. कुलकर्णी याच गावात शिकवत होते, हे मराठी माणसाने इथे फिरताना लक्षात ठेवावं. लाइन बाजारात पेढा घ्या, आणि जेवायला एखाद्या खानावळीत ज्वारीची भाकरी आणि भरल्या वांग्याची एण्णेगाई. मैफिलीच्या दिवशी ते जेवण दुपारीच उरका.

हुबळीहून दोन फेऱ्या आहेत. एक गदगची, रेल्वेने तासाभराची. तिथला वीरेश्वर पुण्याश्रम अंध विद्यार्थ्यांना संगीत शिकवतो. पंचाक्षरी गवई आणि पुट्टराज गवई यांच्या नावाने तो ओळखला जातो. आश्रम हे शिक्षणाचं आणि राहण्याचं ठिकाण आहे. फोटो काढत फिरू नका, कार्यालयात विचारून रियाजाच्या वेळी शांत बसा. गदगपासून बाराएक किलोमीटरवर लक्कुंडी आहे, काशीविश्वेश्वराचं देऊळ आणि पायऱ्यांची बारव बघायला दोन तास ठेवा.

दुसरी फेरी कुंदगोळची, हुबळीपासून वीसेक किलोमीटर. नाडिगेरांच्या वाड्यात अब्दुल करीम खाँसाहेबांचा मुक्काम असे, तालीम चाले. वाडा खाजगी आहे, तेव्हा हुबळीतल्या एखाद्या संगीत मंडळाकडून आधी निरोप पाठवून मगच जा.

तुमची गायिका जयपूर घराण्याची असती तर मी मिरजेहून कोल्हापूरकडे वळा म्हटलं असतं, तिथे त्या घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेबांचा काळ आणि देवल क्लब ही जुनी संगीतसंस्था, आणि पुढे गोव्यात त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचं केरी. ते पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवा.

बरोबर एक वही ठेवा. प्रत्येक बैठकीचा राग, बंदिशीची पहिली ओळ, ताल, साधारण वेळ आणि साथीदार लिहून ठेवा. ध्वनिमुद्रण बहुतेक ठिकाणी मना असतं, आणि गायिकेला ते कळलं तर तिचं लक्ष विचलित होतं, म्हणून फोन खिशातच राहू द्या. एकच बंदिश दोन गावांत ऐकायला मिळाली तर ‘तेच ऐकलं’ म्हणून हिरमुसू नका. साथीचा तबलजी बदलला की ठेका बदलतो, ठेक्याबरोबर बोल मांडायची जागा बदलते, आणि वहीतली आधीची नोंद समोर असेल तर ती जागा नेमकी पकडता येते. भेटायचं असेल तर बैठकीनंतर दोन मिनिटं. आधी कधीच नको, कारण तेव्हा खोलीत तानपुरे लागत असतात.