जामीन मिळतो की जामीन राहतो?

विचारणा अशी आहे: ‘मामा जामीन राहिले म्हणून त्याला जामीन मिळाला’ या वाक्यात एकच शब्द दोनदा आलाय, यातला बरोबर कोणता? शिवाय, पॅरोलला मराठी शब्द आहे का?

बरोबर दोन्ही, पण मान मामांचा मोठा. मूळ अरबी शब्दाचा अर्थच हमी घेणारा माणूस. जुन्या कागदांत हाजीरजामीन आणि मालजामीन भेटतात. पहिला माणूस हजर करण्याची हमी घेतो, दुसरा पैशाची. हमीसाठी वेगळा शब्द होता, जमानत. हिंदीने तो उचलला, म्हणून तिकडे ‘जमानत मिली’. आपण मात्र सुटकेलाही माणसाचंच नाव दिलं आणि मग माणसासाठी ‘जामीनदार’ घडवावा लागला. म्हणजे खरं तर ‘हमीदारदार’! असो, रुळलाय. मला खटकतं ते ‘जामीनावर’ हे लेखन. जमीन–जमिनीवर, तसं जामीन–जामिनावर. या दोन शब्दांचं नातं काही नाही, जमीन फारसी. पण जामीन राहायला गेलात की कोर्टात सातबारा मागतात, ही गंमत वेगळी.

बातम्यांतला ‘जातमुचलका’ही बघण्यासारखा. मुचलका म्हणजे लिहून दिलेली हमी, शब्द तुर्की, आणि यातली जात ‘जातीने हजर’मधली, म्हणजे स्वतः. मामा नाहीत, काका नाहीत. आपलं आपणच लिहून द्यायचं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जामिनाची व्याख्याच नव्हती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ती आली, आणि जामीनदारासह दिलेलं बंधपत्र वेगळं, त्याच्याविना दिलेलं वेगळं, हेही तिथे सांगितलंय.

आता पॅरोल. आपल्या कारागृहांच्या कागदांत त्याला ‘अभिवचन रजा’ म्हणतात. सरकारी शब्दांना आपण एरवी हसतो, पण हा अस्सल आहे: फ्रेंचमध्ये ‘पारोल’ म्हणजे दिलेला शब्द, वचन. कैद्याच्या रजेचा दुसरा प्रकार फर्लो. हा शब्द डच भाषेतल्या रजेवरून आला, ती ‘संचित रजा’. अभिवचन रजेला आजारपण, मृत्यू, लग्न असं कारण लागतं आणि ते दिवस शिक्षेत धरत नाहीत. संचित रजेला कारण लागत नाही आणि ती शिक्षेतही धरली जाते. तुरुंग हा राज्यांचा विषय असल्याने नियम राज्यागणिक बदलतात. आपल्याकडच्या नियमांचं मूळ मुंबई राज्याच्या १९५९ च्या नियमांत. त्यांत दोन्ही रजा शिक्षा झालेल्यालाच, त्यामुळे इथल्या बातमीला ‘खटला सुरू असलेला आरोपी पॅरोलवर’ हा मथळा चूक.

अमेरिकेतली बातमी मराठीत लिहिताना मात्र पॅरोल तसाच ठेवावा. तिथे तो रजेचा प्रकार नाही. उरलेली शिक्षा देखरेखीखाली बाहेर काढायची असते, परतायचं नसतं. आणि प्रोबेशन? ‘परिवीक्षा’. नव्याने लागलेला कारकूनही परिवीक्षाधीन आणि कोर्टाने तुरुंगाऐवजी घरी पाठवलेला गुन्हेगारही. कारकुनांनी याची तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.