एकसष्टीला पुण्याहून टोरोंटो, दोघींनी

ताई, तुमची पार्टनर कॅनडाची नागरिक, दोघी नऊ वर्षं पुण्यात एकत्र, आता निवृत्तीनंतर टोरोंटोत राहायचं तर आधी काय करावं, असं विचारलंत. फॉर्मची यादी सरकारी संकेतस्थळावर आहे, ती सोडते.

आधी कपाटातली कागदपत्रं काढून तुमचं नातं काय लिहिलंय ते बघा. भाडेकरारात ‘बहिणी’, विम्याच्या नॉमिनीपुढे ‘मैत्रीण’. कॉमन-लॉ जोडी, म्हणजे लग्न न करता संसार करणारी जोडी, म्हणून कॅनडात कायम राहण्याचा अर्ज करायचा तर सलग १२ महिने एकत्र संसार केल्याचा पुरावा लागतो, आणि आपला सगळा जन्म तसा पुरावा मागे राहू नये या धडपडीत गेलेला. ‘बहिणी’ लिहिलेला करार जोडावा लागलाच तर तसं का लिहिलं ते सोबत स्पष्ट कळवा. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं आणि नॉमिनीची मोकळीक असल्याचं स्पष्ट केलंय. ते पत्रक छापूनच बँकेत जा.

माझं ऐकाल तर ओंटारिओत, म्हणजे टोरोंटोच्या प्रांतात, लग्नच करा. रहिवासी असण्याची अट नाही, परवाना ९० दिवस चालतो, साक्षीदार दोन. घोडं अडतं ते पूर्वीच्या लग्नापाशी. दोघींपैकी कुणाचा भारतात घटस्फोट झाला असेल तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि ओंटारिओच्या वकिलाचं मतपत्र देऊन आधी मान्यता घ्यावी लागते. हुकूमनामा मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतरही. तिकीट त्यानंतर काढा. ज्या नवऱ्याला कधीच मागे टाकलं त्याचं नाव पुन्हा पुन्हा लिहिताना डोकं फिरतं. मला अजून चीड येते.

लग्नाचा आग्रह अशासाठी, की मृत्युपत्राशिवाय गेलेल्या बाईची बिनलग्नाची जोडीदार ओंटारिओत आपोआप वारस ठरत नाही. मृत्युपत्र आणि दोन पॉवर ऑफ अॅटर्नी, एक पैशांसाठी, एक उपचारांसाठी, लगेच करा. त्यांवर साक्षीदार म्हणून जोडीदाराची सही चालत नाही.

तिथल्या वृद्धापकाळ पेन्शनवर घर उभं करू नका. दहा वर्षं राहिलात तर पूर्ण रकमेचा चौथा हिस्सा.

आता माणसं. चर्च स्ट्रीटवरच्या ‘द ५१९’ या आपल्यासारख्यांच्या (एलजीबीटी) केंद्रात ज्येष्ठांसाठी कार्यक्रम असतात, जरूर जा. पण तिथल्या कितीतरी जणींचं तारुण्य मोर्चांत गेलं, आपलं लपण्यात. सुरुवातीला गप्पांना धागाच सापडत नाही. मराठी गणपतीत गप्पा रंगतात, फक्त ‘मिस्टर काय करतात?’पर्यंत.

म्हणून आपलं वर्तुळ आपणच जमवायचं. पाच-सहा जणी पुरे. महिन्याचा एक रविवार ठरलेला, सबवे (मेट्रो) स्टेशनपासून चालत गाठता येईल असं घर, यजमानीण फक्त आमटी-भात करणार, बाकीच्या डबे आणणार. जानेवारीत बर्फावर घसरण्याच्या भीतीने येणं थांबतं, तेव्हा रोज सकाळी एकीने दुसरीला फोन करायचा. प्रत्येकीची किल्ली दुसरीकडे, आणि रात्री हॉस्पिटलात सोबत कोण जाणार ते कागदावर लिहिलेलं. असे गट भांडणाने कमी मोडतात, गाडी चालवणारी एकटीच असली की जास्त. आणि जोडीजोडीने नको, एकेकीला स्वतंत्र बोलवा. नाहीतर एक जोडी तुटली की दोघीही यायच्या थांबतात.