वाचकांचे प्रश्न : स्कीचा व्यवसाय आणि बर्फाचा हिशेब

प्रश्न : स्की आणि स्नोबोर्ड (दोन्ही पाय एकाच फळीवर बांधून घसरण्याचा प्रकार) शिकवणारे एक लहान केंद्र भागीदारीत सुरू करण्याचा आमचा विचार आहे. उतार हाताशी आहे, थोडे भांडवलही आहे. माणसांना उताराच्या माथ्याकडे नेणाऱ्या लिफ्ट बनवणाऱ्या कंपन्यांची माहितीपत्रके पुष्कळ जमली. पण व्यवसायाचा नीट अभ्यास करायचा तर साधने कोणती, आणि सुरुवात कोठून करावी?

उत्तर : माहितीपत्रके तूर्त बाजूला ठेवावीत. लिफ्ट ताशी किती माणसे वर नेते हे त्यांत छापलेले असते. ती माणसे वर्षातून किती दिवस येऊ शकतील, हे नसते. या व्यवसायात विकायचा माल म्हणजे उतार खुला असलेले दिवस, आणि ते किती मिळतील याचा अंदाज आल्याखेरीज भांडवलाचा कोणताही आकडा ठरवता येत नाही.

आल्प्समध्ये यासाठी एक ठोकताळा रूढ आहे : दहापैकी निदान सात हिवाळ्यांत, किमान 100 दिवस, किमान 30 सेंटिमीटर बर्फ टिकत असेल तर ती जागा भरवशाची समजावी. हाच निकष लावून ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2007 साली आल्प्समधील 666 स्की क्षेत्रांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी 609 क्षेत्रे नैसर्गिक बर्फाच्या बळावर टिकणारी ठरली. तापमान 1 अंशाने वाढल्यास ती 500 उरतील आणि 2 अंशांनी वाढल्यास 404, असे त्या अभ्यासाचे गणित होते. लिफ्टसारख्या ज्या यंत्रणेचे कर्ज वीस-पंचवीस वर्षे फेडायचे, तिच्या बाबतीत हे गणित डोळ्यांआड करून चालत नाही.

म्हणून पहिले साधन म्हणजे जवळच्या हवामान केंद्राच्या जुन्या दैनंदिन नोंदी, आणि दुसरे म्हणजे स्वतःच्या उतारावर रोवलेली, सेंटिमीटरच्या खुणा असलेली साधी काठी. तिच्यावरील बर्फाची उंची रोज सकाळी ठरावीक वेळी लिहून ठेवावी. काठ्या दोन असाव्यात, एक माथ्यावर आणि एक पायथ्याशी. कारण नवशिके पायथ्याशीच शिकतात आणि बर्फ आधी तेथलाच वितळतो. माथ्यावरचा आकडा पाहून हुरळून गेलेली माणसे नेमकी येथे फसतात.

बाजारपेठेच्या अभ्यासासाठी स्वित्झर्लंडमधील सल्लागार लॉराँ व्हाना यांचा जागतिक हिमपर्यटनाचा अहवाल वाचावा. तो विनामूल्य मिळतो आणि देशवार आकडे देतो. अमेरिकेतील स्की क्षेत्रांची राष्ट्रीय संघटना 1962 पासून काम करते. तिची सर्वेक्षणे आणि सुरक्षाविषयक साहित्य मोठ्या क्षेत्रांना समोर ठेवून तयार झालेले असले, तरी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाबाबत लहान केंद्रालाही उपयोगी पडते. उतारावरील वर्तनासाठी आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे दहा नियम आहेत. पुढे असलेल्या स्कीअरला मागून येणाऱ्याने सांभाळायचे, हा त्यांतील कळीचा नियम. तो तिकीट खिडकीजवळ ठळक लावावा.

लिफ्टबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. पहिल्या काही हंगामांत शिकाऊ उतारासाठी जमिनीलगतचा सरकता पट्टा पुरेसा होतो. तो चालवायला सोपा असतो, आणि ज्याने आयुष्यात प्रथमच स्की पायात घातली आहे त्याला तारेवरून जाणाऱ्या लिफ्टच्या चालत्या खुर्चीवर बसण्याउतरण्याची धास्ती वाटत नाही. पहिला दिवस धडपडण्यात आणि रांगेत गेलेला पर्यटक सहसा परतत नाही, आणि हा व्यवसाय तर परतणाऱ्यांवरच चालतो.

प्रश्न : स्की आणि बूट भाड्याने देण्याचे दुकान मी चालवणार आहे. बाइंडिंगची (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीची) जुळणी अनुभवी कामगाराने अंदाजाने केली तर चालेल का?

उत्तर : मुळीच नाही. पडताना बूट स्कीपासून वेळेवर सुटला नाही तर पाय पिरगळून हाड मोडते किंवा गुडघा दुखावतो. उलट फार सहज सुटला तर भर वेगात स्की निसटते. या जुळणीसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे 11088 क्रमांकाचे मानक आहे. ग्राहकाचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मिलिमीटरमधील लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून बाइंडिंग किती जोरावर सुटावी याचा आकडा तक्त्यात शोधायचा असतो. पद्धतीचे तीन मुख्य प्रकार आहेत : सावध, मध्यम आणि आक्रमक. नवशिका पहिल्या प्रकारात येतो. वय 50 किंवा त्याहून अधिक, अथवा 9 किंवा त्याहून कमी असेल तर तक्त्यात एक ओळ वर सरकून सौम्य आकडा घेतात.

बुटाच्या तळावरील मानकाचा छाप तपासणेही तितकेच महत्त्वाचे आहे. जुन्या पद्धतीचा सपाट, कडक तळ, चालण्यास सोयीचा किंचित वळलेला तळ आणि गिर्यारोहक स्कीचा तळ यांची मानके वेगवेगळी असून प्रत्येक बाइंडिंग प्रत्येक तळ स्वीकारत नाही. बूट खटकन बसला म्हणजे जोडी जुळली, असे समजू नये. हंगामापूर्वी आणि हंगामातही अधूनमधून बाइंडिंग किती जोरावर सुटते हे मापनयंत्रावर पाहून त्याची नोंदवही ठेवावी. अपघातानंतर विमा कंपनी आणि वकील पहिल्यांदा तीच मागतात.

ग्राहक वजन कमी आणि कौशल्य जास्त सांगतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. वजनकाटा काउंटरपाशीच ठेवावा. कौशल्याचा प्रकार मात्र ग्राहकाने स्वतः अर्जावर लिहून खाली सही करावी. स्नोबोर्डची बाइंडिंग पडताना सुटत नाहीत, त्यामुळे तेथे हा तक्ता लागत नाही. कोणता पाय पुढे ठेवायचा हे ठरवून, पट्टे आणि स्क्रू तपासून द्यावे लागते.

प्रश्न : बर्फ कमी पडला तर कृत्रिम बर्फाची यंत्रे तारून नेतील का?

उत्तर : थंडी आणि पाणी दोन्ही असेल तरच. ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा साधारण उणे 2 अंश किंवा त्याखाली असावा लागतो. हवा कोरडी असेल तर साध्या तापमापकावर 0 अंश असतानाही हे साधते; दमट हवेत उणे 1 अंशालाही नुसते पाणी फवारले जाते. पाण्याचा हिशेब असा : एक हेक्टरवर 30 सेंटिमीटर थर म्हणजे 3,000 घनमीटर बर्फ, आणि एक घनमीटर पाण्यापासून सुमारे दोन ते अडीच घनमीटर बर्फ होतो. म्हणजे एका थराला 12 ते 15 लाख लिटर पाणी, तेही थोड्या थंड रात्रींत उपसून. साठवण तलाव आणि वीजजोडणी यांचा खर्च यंत्राच्या किमतीपेक्षा जड जातो, म्हणून यंत्रे घ्यायचीच तर फक्त शिकाऊ उतारापुरती घ्यावीत.

प्रश्न : एखादा हिवाळा कोरडा गेला तर पगार आणि हप्ते कसे भागवावेत?

उत्तर : बर्फ पडण्यापूर्वीच पैसे हाती यावेत अशी रचना करावी. अमेरिकेत स्की क्षेत्रे चालवणाऱ्या व्हेल रिसॉर्ट्स या कंपनीने 2008 साली 579 डॉलरला अनेक क्षेत्रांत चालणारा हंगामी पास आगाऊ विकायला काढला आणि हवामानाची जोखीम ग्राहकांवरही वाटली गेली. लहान केंद्राला तेवढी क्षेत्रे जोडता येत नाहीत. पण शाळांच्या सहली आणि धड्यांचे संच आगाऊ विकता येतात. परताव्याच्या अटी मात्र पावतीवर आधीच छापाव्यात : किती दिवस उतार बंद राहिल्यास किती रक्कम परत, की पुढच्या हंगामात सवलत. हे मोघम ठेवले तर कोरड्या हंगामात बर्फाबरोबर ग्राहकही जातो.