स्वतः केलेल्या प्रोजेक्शनची प्रोज४ स्ट्रिंग कन्व्हर्टरने डब्ल्यूकेटीत बदलली तर चालेल का?

तुमच्याकडे जुन्या सर्वेक्षणाची प्रोज४ स्ट्रिंग (प्रोजेक्शनचं एका ओळीतलं वर्णन) आहे, ईपीएसजी कोड (प्रोजेक्शनचा प्रमाणित क्रमांक) नाही आणि शेपफाइलसोबत, म्हणजे नकाशाच्या डेटासोबत, पीआरजे फाइल द्यायची आहे. तिच्यात तेच वर्णन डब्ल्यूकेटी या दुसऱ्या मजकुरी स्वरूपात असतं. "चालेल का" हे वाचून राहवलं नाही.

फाइल उघडेल, एररही येणार नाही. खरा धोका तिथेच आहे.

शिवडीच्या बंदराकडच्या भागाचं काम होतं. जुने नकाशे एव्हरेस्ट १८३० या एलिप्सॉइडवर (पृथ्वीच्या आकाराचं गणिती मॉडेल), डेटम (ते मॉडेल पृथ्वीवर कसं बसवलं ते) कल्याणपूर १९७५. मध्य रेखांश ७२°५०′ धरून आम्ही आमचं ट्रान्सव्हर्स मर्केटर प्रोजेक्शन बनवलं होतं आणि स्ट्रिंगमध्ये डब्ल्यूजीएस८४ या जीपीएसच्या डेटमकडे नेणारे तीन आकडे होते: २९५, ७३६, २५७. क्लायंटला एस्री या नकाशा-सॉफ्टवेअर कंपनीच्या पद्धतीची पीआरजे हवी होती, म्हणून मी ती काढून दिली. एस्रीच्या डब्ल्यूकेटीत हे तीन आकडे ठेवायला जागाच नाही. ते गेले. सॅटेलाइट इमेजवर लेअर टाकला तर धक्क्यावरची गोदामं शंभर-सव्वाशे मीटर आग्नेयेला, थेट फ्लेमिंगो उतरतात त्या चिखलात.

साहेब म्हणाले, "लेअर सरकव, हाताने जुळव, उद्या द्यायचंय." मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "मुंबईएवढ्या जागेत काय फरक पडतो?" मी नवा होतो, सरकवला. महिन्याभराने नाल्यांचा लेअर योग्य डेटममध्ये आला आणि आमच्या गोदामांशी जुळेना. किती सरकवलं ते कुणीच लिहून ठेवलं नव्हतं. सगळं पुन्हा डिजिटाइझ करावं लागलं.

हाताने सरकवणं चूकच आहे, मग मुदत उद्याची असो की आजची. एका वॉर्डात ते जुळल्यासारखं दिसतं. तोच आकडा नाशिकपर्यंत न्या, दहा-पंधरा मीटर सुटेल, कारण दोन एलिप्सॉइडमधलं अंतर जागोजागी बदलतं. साहेब अजून म्हणतात, "शेवटी नकाशा गेला ना?" गेला, पण चुकीचा गेला.

तुम्ही डब्ल्यूकेटी२, म्हणजे डब्ल्यूकेटीची नवी आवृत्ती घ्या. प्रोज या सॉफ्टवेअरच्या ६ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांसोबत येणाऱ्या प्रोजइन्फो या कमांडला, शेवटी +type=crs जोडून, स्ट्रिंग द्या. स्ट्रिंगमध्ये डेटमचे आकडे असतील तर आउटपुट बाउंडसीआरएस (BOUNDCRS) या शब्दाने सुरू होईल आणि ते आकडे त्यातच दिसतील. नाही दिसले तर पुढे जाऊ नका. पीआरजे द्यावीच लागली तर मूळ स्ट्रिंग वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये सोबत द्या. उलट दिशेने, डब्ल्यूकेटीवरून प्रोज४ कडे जाऊ नका. पायप्रोज ही प्रोजची पायथन लायब्ररीसुद्धा तिथे माहिती गळेल असा इशारा देतं.

हो, तुमच्या स्ट्रिंगमध्ये डेटम आधीच डब्ल्यूजीएस८४ असेल तर यातलं डेटमचं काही लागू नाही, साधी पीआरजे पुरेल. आणि आकडे तीनऐवजी सात असतील तर रोटेशनची चिन्हं तपासा. काही सॉफ्टवेअर ती उलटी धरतात.