सोलापुरात एकटीनं गणित ऑलिम्पियाडची तयारी करताना उत्साह कसा टिकवायचा?

तू लिहिलंयस की दहावीत आहेस, शाळेत गणितात कायम पहिली येतेस, पण ऑलिम्पियाडचं एकेक गणित दोन-दोन दिवस सुटत नाही, वर्गात त्याबद्दल बोलायला कुणी नाही आणि आता वही उघडायचाही कंटाळा येतो. मी पण सोलापूरचीच, अशोक चौकाजवळची. आरएमओ, म्हणजे ऑलिम्पियाडची प्रादेशिक फेरी, दोनदा दिली; दोन्ही वेळा पुढची राष्ट्रीय फेरी, आयएनएमओ, हुकली. आता गणित शिकवते. माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस म्हणून 'तू' म्हणते.

कंटाळा आला म्हणजे गणिताची आवड संपली असं धरू नकोस. शाळेच्या गणितात दहा मिनिटं घालवली की बरोबरची खूण मिळते. इथं तीन दिवस घासूनही हाती काही येत नाही. 'आज किती सुटली' हेच मोजत राहिलीस तर बहुतेक दिवसांचा हिशेब शून्यच येणार, आणि रोज शून्य बघून कुणाचंही मन उडेल. मला हे कळायला एक अख्खा मे महिना लागला.

अकरावीची सुट्टी होती. वर पत्रा, खालच्या मजल्यावर यंत्रमागांची खटखट, दुपारी उन्हाचा पारा त्रेचाळीसच्या पुढं. गणित असं होतं: १ ते १०० मधल्या कोणत्याही ५१ संख्या निवडा, त्यात अशा दोन असतातच की एकीनं दुसरीला पूर्ण भाग जातो. पहिल्या दिवशी एवढंच कळलं की ५० निवडल्या तर सुटका आहे. ५१ ते १०० घ्या, कुणी कुणाला भागत नाही. मग फक्त एक संख्या वाढली की का अडकतं? दुसऱ्या दिवशी अवयव पाडले. तिसऱ्या दिवशी वही फेकून दिली होती.

चौथा दिवस पाण्याचा होता. नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते तुला सांगायला नको. घागरी भरता भरता डोक्यात ओळी लागल्या. १, २, ४, ८, १६, ३२, ६४ ही एक. ३, ६, १२, २४, ४८, ९६ ही दुसरी. ५, १०, २०, ४०, ८० ही तिसरी. प्रत्येक ओळ विषम संख्येनं सुरू होते आणि पुढं दुप्पट होत जाते. १०० पर्यंत विषम संख्या ५०, म्हणून ओळीही ५०. संख्या मात्र ५१. तेव्हा एका ओळीत दोन येणारच, आणि त्यातली लहान मोठीला भागणारच. पाणी वाहून चाललं होतं, आई ओरडत होती.

संध्याकाळी वही उचलून मागची पानं चाळली. ३, ६, १२, २४ ही ओळ मी दुसऱ्याच दिवशी लिहिली होती आणि तिच्यावर गिरगटून काट मारली होती!

तेव्हापासून मी काट मारणं सोडलं. न सुटलेल्या गणितांसाठी वेगळी वही केली. रोज प्रत्येक गणितासमोर दोनच गोष्टी लिहायच्या: आज काय करून पाहिलं आणि नेमकं कुठं अडलं. तेवढं लिहिलं की त्या दिवसाचं काम झालं, गणित सुटो न सुटो. तू हे पंधरा दिवस करून बघ. उत्तर लगेच उघडू नकोस. तीन-चार वेगवेगळ्या बैठकी झाल्या की उघड, तेही पहिली ओळ वाचून मिटून टाक.

आयओक्यूएम, म्हणजे ऑलिम्पियाडची पहिली पात्रता फेरी, मात्र वेगळी. तीन तासांत ३० प्रश्न, उत्तर फक्त ०० ते ९९ मधला पूर्णांक, सिद्धता लिहायची नाही. तिथं वेग लागतो. त्यासाठी रविवारी घड्याळ लावून एक जुना पेपर सोडव. बाकीच्या दिवसांत घड्याळ बघू नकोस.

सोबतीचं म्हणशील तर ऑलिम्पियाड देणारंच माणूस पाहिजे असं नाही. माझे वडील मागावर काम करायचे, शिक्षण सातवीपर्यंत. रात्री जेवताना मी त्यांना गणित सांगायची, ते 'मग पुढं?' एवढंच विचारायचे. त्या 'मग पुढं'पाशी माझी चूक मलाच सापडायची.

आणि पूर्ण सुटलं नाही म्हणून स्वतःला कमी लेखू नकोस गं. १९८८ च्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमधलं सहावं गणित फार अवघड म्हणून आजही सांगतात. त्यात टेरेन्स ताओला ७ पैकी १ गुण मिळाला होता, तरीही त्याच वर्षी, जेमतेम तेरा वर्षांचा असताना, त्याला सुवर्णपदक मिळालं. पुढं तो जगातल्या मोठ्या गणितज्ञांपैकी एक झाला.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली की दोन दिवस वही मिटून खुशाल जाऊन ये.

आता नव्या वहीच्या पहिल्या पानासाठी. ५१ ते १०० या ५० संख्यांमध्ये कुणी कुणाला भागत नाही. १ ते १०० मधून अशा ५० संख्यांचा दुसरा एखादा गट निघतो का? त्यात ३४ घेता येईल? आणि ३३? काय काय करून पाहिलंस ते मला लिही, सुटलं नसलं तरी.