सही नसलेली स्क्रीन प्रिंट घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं का?

स्क्रीन प्रिंट म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई ओढून छापलेलं चित्र. प्रश्नकर्त्याने पुढे असंही विचारलंय की ३/२०० (दोनशेपैकी तिसरी) अशी लहान आकड्याची प्रत मिळत असेल तर जास्त पैसे मोजावेत का. त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: अजिबात नाही. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापतात तेव्हा पत्रा झिजत जातो, म्हणून तिथे पहिल्या प्रतींना मान असतो. स्क्रीनचं तसं नाही. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी, प्रत्येक रंगानंतर कागद रॅकवर वाळत घालायचे, त्यात गठ्ठा वरखाली होतो आणि सगळं उरकल्यावर कलाकार पेन्सिलीने आकडे टाकत बसतो. ३ नंबरची प्रत सगळ्यात शेवटी छापलेली असू शकते.

आता सही. इथे जरा लांबण लावतो, कारण यावरून माझं आणि माझ्या साडूंचं चांगलंच वाजलेलं आहे.

आम्ही दोघंही हे जमवतो. माझ्या भिंतीवरच्या बिनसहीच्या प्रिंटकडे बोट दाखवून ते चारचौघांत म्हणायचे, "पोस्टर आहे हो ते. सही कुठाय?" मी एकदा समजावलं. भिंतींवर चित्रं काढणारा, खरं नाव लपवून असलेला ब्रिटिश कलाकार बँक्सी, त्याची 'गर्ल विथ बलून' २००४ साली पिक्चर्स ऑन वॉल्स या प्रकाशकाने काढली, तेव्हा १५० प्रती सहीच्या होत्या आणि ६०० बिनसहीच्या. ते सहाशे कागद ज्याला पोस्टर वाटतात त्याने लिलावातले भाव एकदा बघावेत. उलट शेपर्ड फेअरी हा अमेरिकन कलाकार ऑफसेटवर, म्हणजे मासिकं छापतात तशा यंत्रावर, छापलेली साधी पोस्टरंही सही करून विकतो. सही झाली म्हणून ऑफसेटचं पोस्टर स्क्रीन प्रिंट होत नाही. यावर साडू फक्त हसले.

मग त्यांनी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून सही असलेली प्रिंट घेतली. नळीतून काढून टेबलावर पसरली, चार कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवली आणि मला म्हणाले, "बघा आता." मी भिंग आणलं. निळ्या रंगाच्या कडेला भिंग टेकवलं तर निळा सलग नव्हताच. आत बारीक गुलाबी ठिपके, मधूनच पिवळे, आणि कड भुरभुरीत, रंग कागदात जिरलेला. शेजारी माझं 'पोस्टर' आणून ठेवलं. त्यात लाल म्हणजे नुसता लाल, एकही ठिपका नाही. त्याच्यावर काळा जिथे चढलाय तिथे केसाएवढी उंच कड. दिवा बाजूने धरला की ती कड चमकते. स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, जाळीतून ओढलेल्या शाईचा थर असा दिसतो. साडूंची प्रिंट सरळसरळ कॉम्प्युटरच्या इंकजेट प्रिंटरमधून काढलेली होती.

ते म्हणाले, "पण सही तर पेन्सिलीची आहे ना?" होती ना! पेन्सिल काय, कुणीही धरतं. विक्रेत्याला विचारलं तर आधी टोलवाटोलवी झाली, मग उत्तरंच बंद. आणि घरात माझं नाव झालं ते जळकुटा म्हणून! ती प्रिंट अजून त्यांच्या हॉलमध्ये आहे, फ्रेमसकट.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आधी शाई बघा, मग कागद, मग कुणी छापलं ते, आणि सही सगळ्यात शेवटी. प्रकाशकाने कागदाचा आकार आणि प्रतींची संख्या जाहीर केलेली असते, ती ताडून पाहा. कागदात शाईशिवाय उठवलेला शिक्का असायला हवा असेल तर बोटाने चाचपा. बँक्सी घेत असाल तर पेस्ट कंट्रोल या त्याच्याच कार्यालयाच्या प्रमाणपत्राशिवाय हातही लावू नका. ते बिनसहीच्या प्रतींनाही मिळतं. त्याला राजकुमारी डायनाचं चित्र असलेल्या बनावट दहा पौंडी नोटेचा फाडलेला अर्धा तुकडा जोडलेला असतो, दुसरा अर्धा त्यांच्याकडे राहतो. त्या माणसाच्या स्वतःच्या कार्यालयाने सहीवर भिस्त ठेवलेली नाही, आणि आमचे साडू ठेवतात.

फ्रेमवाल्याला दोन गोष्टी आधीच बजावा: मागून डिंक लावून चिकटवायचं नाही आणि समास कापायचा नाही. कागद धरायला जपानी कागदाच्या पट्ट्या आणि पिठाची खळ, आम्लरहित माउंट, काच कागदाला टेकता कामा नये. यातलं काही त्याला माहीत नसेल तर दुसरा शोधा.

हो, एक राहिलं. परत विकायच्या हिशेबाने घेत असाल तर सहीच्या प्रतीला भाव जास्त येतो, बराच जास्त. तेवढं साडूंचं बरोबर. शिवाय ठिपके दिसले की माल खोटाच, असंही नाही. काही कलाकार उघडपणे इंकजेटवर प्रती काढतात आणि तसं लिहितातही. काहींच्या मूळ स्क्रीन प्रिंटमध्येच फोटोचे ठिपके असतात, पण ते एकाच शाईचे, ठसठशीत. लबाडी आहे ती इंकजेटला स्क्रीन प्रिंट म्हणण्यात.

घेण्याआधी विक्रेत्याकडे बाजूने उजेड टाकून जवळून काढलेला फोटो मागा, दोन रंग जिथे एकमेकांवर चढतात तिथला. फोटोऐवजी "सही शंभर टक्के खरी आहे" असं उत्तर आलं तर पैसे पाठवू नका. साडूंना मी हेच सांगितलं होतं, पैसे जायच्या आधी, बायकोसमोर आणि मेहुणीसमोर.