बूट कंपनीचे, मोजे तुझे

भोसरी, रविवार

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू विचारलंस, "काका, एक तारखेपासून चाकणला जॉइन होतेय. सेफ्टी शूज कंपनी देणार आहे, मोजे आपले आपण आणायचेत. कॉटनचे घेऊ की नायलॉनचे?" मी म्हणालो, नंतर सांगतो. फोनवर एका दमात सांगून होण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहायला बसलो. मोज्यांवर कसलं पत्र, असं तुझ्या आईला वाटेल. पण तुला आठ तास सिमेंटच्या फरशीवर उभं राहायचंय. तिसऱ्या तासाला पाय चुरचुरायला लागले की लक्ष हातातल्या कामावरून उडतं. शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या कामाच्या विभागात, एकतीस वर्षं काढली, त्यात हे पुष्कळदा पाहिलंय.

तू म्हणालीस की पहिले सहा महिने वेल्ड शॉप, मग असेंब्ली. तेव्हा आधी वेल्ड शॉपचं बोलू. तिथे असेपर्यंत कॉटनच. त्यात दुसरा विचार करू नकोस.

का, ते सांगतो. १९९४ साली मी एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये होतो. लग्नात आहेर म्हणून आलेले चकचकीत, पातळ नायलॉनचे मोजे त्या दिवशी पायात होते. बूट घोट्याच्या खाली संपणारे, आणि पँट धुऊन धुऊन आखूड झालेली. डोक्यावरच्या लोखंडी चॅनेलचं वेल्डिंग चाललं होतं. एक ठिणगी, मुगाच्या डाळीएवढी, डाव्या पायाच्या बुटात शिरली. मोजा पेटला नाही, धूरसुद्धा आला नाही. तो वितळला आणि कातडीला चिकटून बसला. कळ मस्तकात गेली आणि मी वाकून मोजा ओढून काढला. मोज्याबरोबर कातडीही निघाली. जखम भरायला सहा आठवडे लागले. घोट्याच्या आतल्या बाजूला आठ आण्याच्या नाण्याएवढा डाग अजून आहे, गुळगुळीत, केस न उगवणारा. तू लहानपणी त्याच्यावर बोट फिरवून विचारायचीस, हे काय आहे म्हणून. ते हे.

स्टील १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. उडता उडता ठिणगी थोडी निवते, तरी बुटात पडताना ती किती तापलेली असेल याचा अंदाज कर. नायलॉन, त्याच्या प्रकाराप्रमाणे, २२० ते २६० अंशांत पातळ होतं आणि पॉलिएस्टर २५० ते २६०च्या दरम्यान. सुती शर्टावर आपण इस्त्री फिरवतो ती साधारण २०० अंशांची, म्हणजे या कापडांचा जीव केवढा ते बघ. कॉटन मुळात वितळतच नाही. ते करपतं, त्याला भोक पडतं, पण झटकलं की ठिणगी खाली पडते. कॉटन जळत नाही असं मात्र समजू नकोस. तेल-ग्रीस लागलेला सुती मोजा वातीसारखा पेट घेतो, म्हणून असला मोजा धुतल्याशिवाय परत घालायचा नाही.

आणि मी केलं ते तू कधी करू नकोस. कापड वितळून चिकटलं तर ओढायचं नाही. पाय नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचा, चांगली वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. चिकटलेलं कापड डॉक्टरला काढू दे.

दुकानात "प्युअर कॉटन" म्हणून जे देतात त्यात बहुतेक वेळा थोडं नायलॉन आणि इलास्टेन, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा, असतंच. नाहीतर मोजा पायावर टिकणार नाही, घसरून टाचेखाली गोळा होईल. पाकिटावरच्या टक्केवारीत कॉटन ८० किंवा त्याहून जास्त असेल तर माझ्या मते वेल्ड शॉपला चालेल. पाकीट नसेल, लक्ष्मी रोडच्या फूटपाथवरून किंवा जुन्या बाजारातून जोडी घेतली असेल, तर घरी एक परीक्षा कर. मोज्याचा एक धागा उसवून काढ, चिमट्यात धर, खाली स्टीलची ताटली आणि बाजूला पाण्याचा तांब्या ठेव, आणि काडी लाव. कॉटन कागदासारखं जळतं, वासही जळक्या कागदाचा, आणि मागे राहते ती करडी राख बोटाने चुरली तर उडून जाते. नायलॉन-पॉलिएस्टर ज्योतीपासून आधी आकसून मागे सरकतं, मग त्याचा थेंब होतो आणि निवल्यावर त्याची टणक गोळी होते. ती गोळी नखाने दाबून बघ. तीच माझ्या घोट्यात बसली होती.

मोजा उंचीला बुटाच्या वर चार बोटं तरी यायला हवा. हल्ली मुलं घालतात तसले घोट्याखालचे सॉक्स शॉपमध्ये नकोत, बुटाची कड घोट्याला घासून साल काढते. पँट बुटात खोचायची नाही, बुटावरून खाली सोडायची. लेदरचे लेग गार्ड कंपनीच्या स्टोअरमधून मागून घे. नवीन मुलगी म्हणून मागायला संकोचू नकोस.

आता कॉटनचा दोष सांगतो, कारण तो मोठा आहे. तळपायाला घामाच्या ग्रंथी शरीरात सर्वात दाट असतात. साध्या हवेत कॉटन आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून असतं, नायलॉन चार टक्के, आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे कॉटन घाम पिऊन घेतं, हे खरं. पण प्यायलेला घाम ते सोडत नाही, आणि बंद बुटात तो सोडायला जागाही नसते. दुपारपर्यंत मोजा जड होतो, सैल पडतो, त्याच्या घड्या होतात. ओल्या कातडीवर ती घडी दिवसभर घासली की फोड ठरलेला.

हे मी कंपनीत पाहिलंच, पण त्याहून जास्त पालखीत पाहिलं. माउलींची पालखी आळंदीहून निघून पुण्यात भवानी पेठेत मुक्कामाला येते, तेव्हा आमचं मंडळ वारकऱ्यांच्या पायांची सेवा करतं. दहा-बारा वर्षं मी तिथे तेलाची वाटी आणि मलमपट्टी घेऊन बसतोय. एकच टप्पा चालायला आलेली तरुण मुलं नवे कोरे स्पोर्ट्स शूज आणि जाड सुती मोजे घालून येतात. वाटेत पावसाची सर येऊन गेलेली असते. मोजा काढला की टाच पांढरीफटक, सुरकुतलेली, आणि चवड्याखाली रुपयाएवढे फोड. शेजारी सत्तरीची आजी बसलेली असते, साध्या चपलेत, पायाला भेगा खूप, पण फोड एकही नाही. तिचे पाय भिजतात तसे वाऱ्याने वाळतातही. बुटातल्या पायाला तो वारा मिळत नाही, म्हणून तो तू द्यायचा.

तो कसा द्यायचा, हेच या पत्रातलं मुख्य सांगणं आहे. बॅगेत रोज दुसरी जोडी हवी. जेवणाच्या सुट्टीत आधी डबा उघडू नकोस. लॉकरपाशी बाकावर बस, दोन्ही बूट काढ, मोजे काढ. छोटा सुती पंचा किंवा नॅपकिन ठेव, त्याने बोटांच्या बेचक्या पुसायच्या, एकेक करून. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली बेचकी सगळ्यात अरुंद, घाईत हमखास राहते ती तीच. पाच मिनिटं पाय उघडे ठेव, बुटाची जीभ पुढे ओढून तोंड मोकळं कर. मग हात धुऊन जेव आणि जेवण झालं की कोरडी जोडी घाल. ओली जोडी लॉकरच्या दाराला आतून अडकव, डब्याच्या पिशवीत कोंबू नकोस. पहिले चार दिवस कुणीतरी बघून हसेल. माझ्या हाताखाली आलेल्या पोरांना मी हे सक्तीने करायला लावायचो. त्यांतली दोघं-तिघं आज सुपरवायझर आहेत आणि आता ती त्यांच्या पोरांना लावतात.

असेंब्लीला गेलीस की गोष्ट बदलते. तिथे ठिणगी नाही, चालणं मात्र जास्त. तिथे मिश्र धाग्याचे मोजे बरे, म्हणजे निम्मं कॉटन आणि निम्मं पॉलिएस्टर किंवा नायलॉन, तळव्याला आणि टाचेला टॉवेलसारखी जाड वीण असलेले. ते घडी धरत नाहीत, लवकर वाळतात आणि टाचेला कॉटनपेक्षा जास्त दिवस टिकतात. निव्वळ नायलॉनचे पातळ मोजे तिथेही नकोत, त्यात पाय आतल्या आत सरकतो. पॉलिएस्टरची एक खोड आहे. अंगातलं तेल ते धरून ठेवतं, त्यावर जंतू पोसतात आणि धुतल्यावरही वास राहतो. त्यासाठी मोजे उलटे करून धुवायचे, आणि कंफर्टसारखं मऊ करणारं पाणी अजिबात वापरायचं नाही. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि मोजा घाम ओढायचं सोडून देतो. पुढे पेंट शॉपला टाकलं तर अँटिस्टॅटिक बूट देतील. त्यात आपल्या मनाने फोमचा सुकतळा घालू नकोस, अंगावरची वीज जमिनीत जायची वाट अडते.

लोकर सगळ्यांत उत्तम. ती कॉटनच्या जवळजवळ दुप्पट ओलावा धरते आणि ठिणगीने सहज पेटत नाही. धनगर भर पावसात घोंगडी पांघरून उभा राहतो ते उगाच नाही. पण चांगले पातळ लोकरी मोजे महाग पडतात, पहिल्या पगारापर्यंत तो विचार नको.

आपल्या पुण्याच्या हवेचंही लक्षात ठेव. आत्ता मे महिन्यात सुती मोजे दोरीवर टाकले की दोन तासांत कडकडीत होतात, तीन जोड्यांवर आठवडा निघेल. जुलैमध्ये तेच मोजे दोन दिवस दमट राहतात आणि सकाळी सहाच्या बसची घाई असली की आपण "होतील पायात कोरडे" म्हणून तसेच चढवतो. चिखल्या तिथून सुरू होतात. बेचकीत कातडी पांढरी, भिजल्या कागदासारखी होते, खाज सुटते, मग चीर पडते. ती बुरशी आहे, नुसती माती लागून झालेली नाही. तशी दिसली तर दुकानातून कुठलंही मलम आणून चोळू नकोस, त्यात स्टेरॉइड असलं तर खाज थांबते आणि बुरशी आतून पसरते. डॉक्टरला दाखव. म्हणून पावसाळ्यासाठी सहा जोड्या हव्यात. बसपर्यंत फ्लोटर्स घालून जा, बूट-मोजे पिशवीत, आत गेल्यावर घाल. घरी आल्यावर सुकतळा काढून बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंब आणि पंख्याखाली ठेव. गॅसशेजारी किंवा कडक उन्हात लेदर वाळवलं तर ते लाकडासारखं होतं.

आता बुटाच्या मापाबद्दल, कारण तू मुलगी आहेस आणि हे तुझ्या वाट्याला नक्की येणार. स्टोअरमध्ये पुरुषांचेच नंबर जास्त असतात. तुला ५ लागतो, ते ७ देतील आणि म्हणतील, दोन मोजे घाल, बसेल. ऐकू नकोस. दोन जाड मोज्यांत पाय उकडतो, आणि टाच तरी वर-खाली होतच राहते. उलट नेमक्या मापाच्या बुटात फार जाड मोजा घातलास तर बोटं चेंगरतात, कारण पुढची स्टीलची टोपी लेदरसारखी सैल पडत नाही. बुटावर आयएस १५२९८, भाग २ हे भारतीय मानक लिहिलेलं बघ. ती टोपी २०० ज्यूलचा मार सोसते, म्हणजे वीस किलोचा लोखंडी तुकडा एक मीटरवरून पडावा एवढा. पण बोटं टोपीच्या नेमकी आत बसली, तरच तिचा उपयोग. आपल्या मापाचे बूट लेखी मागून घे. चार दिवस उशीर झाला तरी चालेल, पण तोवर शॉपमध्ये उतरणार नाही, हे सुपरवायझरला माझं नाव न घेता, तुझं स्वतःचं म्हणणं म्हणून सांग.

बूट घालून बघायचे ते संध्याकाळी. दिवसभरात पाय थोडे सुजतात. आणि जे मोजे कामावर घालणार तेच घालून बघायचे.

खरेदीचं मी ठरवलंय ते असं. सहा जोड्या सुती, करड्या किंवा पांढऱ्या, आणि दोन मिश्र धाग्याच्या, त्या सध्या कपाटात राहू देत. पांढऱ्यावर रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो, फोड फुटलेला कळतो. तुझ्या बाबांनाही पांढरेच आण, त्यांना साखर आहे आणि त्यांच्या तळपायाला हल्ली टोचलेलं कळत नाही. रविवार पेठेत बोहरी आळीत सेफ्टीच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे उंच सुती मोजे मिळतात. तिथे न मिळाले तर तुळशीबागेत बघ.

गुरुवारी मी मोशीला येतोय. तोवर बूट मिळाले असतील तर मोजे घालून, नाड्या बांधून तयार ठेव. आपण जिन्यावरून दहा वेळा वर-खाली करून बघू.

तुझा,
काका